बागेतली ‘फॅमिली’ म्हणजे नक्की कोण?

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये एक सीन हमखास घडतो. ताई दोन पोरांना घेऊन माहेरी आलेली असते. एक जण सोफ्यावरून उड्या मारत असतो, दुसरी रिमोट लपवून बसलेली असते आणि आजीच्या दुपारच्या झोपेचं पार खोबरं झालेलं असतं. मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अरे, त्या मोबाइलमधून डोकं काढ आणि यांना जरा बाहेर फिरवून आण!” हा ‘अरे’ किंवा ‘अगं’ म्हणजे तुम्ही. वय अठरा ते पंचवीस, परीक्षा संपलेली, नोकरी लागायची बाकी. म्हणजे घराच्या दृष्टीने पूर्ण रिकामे!

आता न्यायचं कुठे? मॉलमध्ये एसी असतो हे खरं, पण तिथल्या गेम झोनचं कार्ड भरलं की बघता बघता रिकामं होतं, आणि ते भाच्याला कळत नाही. समुद्रावर न्यावं तर वाळूने माखलेले कपडे घरी आणल्याबद्दल ओरडा तुम्हालाच. राहता राहिली बाग. ‘गार्डन फॉर फॅमिली’ असं टाइप करून तुम्ही मोबाइलवर शोधता, चकाचक फोटो येतात, रेटिंग येतं. पण तुमची फॅमिली फोटोतल्या फॅमिलीसारखी नसते ना! फोटोत आई, बाबा आणि मधे हसरं मूल. तुमच्याबरोबर चार वर्षांची भाची, अकरा वर्षांचा भाचा, ‘मी पण येते रे, घरात बसून काय करू’ म्हणत निघालेली आजी आणि शेजारच्या काकूंनी सोबत ढकललेला त्यांचा मुलगा. या वरातीला झेपेल अशी बाग कोणती, हा खरा प्रश्न. तो सोडवायला निघालं की बागांबद्दल अशा काही गोष्टी दिसू लागतात, ज्या एरवी कानात हेडफोन घालून बाहेरून जाताना दिसत नाहीत.

शंभर रुपयांची फॅमिली

सुरुवात राणीच्या बागेपासून करू. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं, आणि मुंबईतल्या कुठल्याही घरात ‘बाग’ म्हटलं की पहिलं नाव हेच निघतं. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, मूळचं व्हिक्टोरिया गार्डन. १८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. पेंग्विन आल्यापासून इथली गर्दी बदलली. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आले, २०१७ मध्ये लोकांना पाहायला मिळू लागले, आणि त्याच वर्षी तिकिटंही वाढली. तोवर मोठ्यांना पाच रुपये आणि लहानांना दोन रुपये लागत, ते पन्नास आणि पंचवीस झाले. सोबत एक सवलत आली. आई, बाबा आणि दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये.

आता जरा गणित करा. तुम्ही एकटे दोन भाचरांना घेऊन गेलात तर पन्नास अधिक पंचवीस अधिक पंचवीस, म्हणजे शंभरच. म्हणजे ताई आणि भावोजीही सोबत आले असते आणि तुम्ही घरी झोपला असतात, तरी तेवढेच पैसे पडले असते! गमतीचा भाग सोडा, पण या तिकिटाच्या हिशेबात मामा नाही, मावशी नाही, आत्या नाही. आपल्याकडे मुलांना बागेत आणणारी माणसं मात्र बरेचदा हीच असतात. कुठल्याही संध्याकाळी झोपाळ्याजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. आईबापांपेक्षा आजोबा, आत्या आणि कामवाल्या मावशीच जास्त दिसतील.

राणीच्या बागेत गेल्यावर बहुतेक जण थेट पेंग्विनच्या रांगेत लागतात. जा, जरूर जा. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात काचेपलीकडे डुंबताना बघून चार वर्षांची पोरं वेडी होतात. पण सुट्टीच्या दिवशी आजीला त्या रांगेत उभं करू नका. तिला झाडांखाली बसवा. ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून वाढलेली बाग आहे, इथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत आणि त्यात गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी एरवी शहरात सहसा न दिसणारी मंडळी आहेत. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला न येता खोडाला लगडतात, आणि फळं तोफेच्या गोळ्यांसारखी लटकलेली असतात. भाचराला ते दाखवा आणि प्रश्न मोजत बसा.

इथे अजून दोन गोष्टी आहेत, ज्या शोधायचा खेळ करता येतो. एक दगडी हत्ती आणि एक घोडा. हत्ती घारापुरी बेटावरचा. ज्याच्यामुळे इंग्रजी नाव ‘एलिफंटा’ पडलं तोच. तो इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात तुटला आणि नंतर जोडून इथे उभा केला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. घोडा म्हणजे मूळचा ‘काळा घोडा’, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला. फोर्टमधून तो १९६५ मध्ये इथे हलवला. म्हणजे दर वर्षी ज्या नावाच्या फेस्टिव्हलला तुम्ही सेल्फी काढायला जाता, त्याचा मूळ नायक भायखळ्याला असतो.

आणि ही झाडं आज आहेत त्यामागे माणसं आहेत. २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा चेहरामोहरा बदलणारी, कोट्यवधींची योजना आली, तेव्हा झाडांचं काय होणार म्हणून नागरिकांचा एक गट उभा राहिला. त्यात पुढे बायका होत्या. त्यांनी झाडांची नोंद केली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, आणि मूळ आराखडा तसाच्या तसा राबवला गेला नाही. बागेत रोज येणाऱ्या माणसांनी बाग कशी वाचवली, याचं मुंबईतलं हे मला सगळ्यात आवडतं उदाहरण.

आजीला विचारा

बाग निवडताना आपण घसरगुंडी बघतो. मी म्हणेन, आधी आजी बघा. गेटपासून पहिला बाक किती लांब आहे? बाकाला पाठ आहे का? सिमेंटच्या बिनपाठीच्या ओट्यावर आजी दहाव्या मिनिटाला ‘चला आता’ म्हणते आणि झोपाळ्याच्या रांगेत नुकताच नंबर लागलेली भाची भोकाड पसरते. स्वच्छतागृह आहे का आणि उघडं आहे का? (या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) आत शिरायला पायऱ्या आहेत की उतार? मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून बऱ्याच बागांच्या गेटवर लोखंडी अडसर किंवा फिरतं दार असतं. त्यातून व्हीलचेअर जात नाही, बाबागाडीही जात नाही, आणि गुडघेदुखीवाल्या माणसालाही अंग चोरून आत जावं लागतं. हे कुठल्याच रेटिंगमध्ये लिहिलेलं नसतं.

या परीक्षेत मोठं नाव असलेल्या बागा नेहमी पास होतात असं नाही. मलबार हिलचं कमला नेहरू पार्क घ्या. ‘म्हातारीचा बूट’ १९५२ पासून तिथे आहे, आणि त्याच्यासमोर काढलेला एखादा फोटो मुंबईतल्या बहुतेक घरांच्या अल्बममध्ये सापडेल. त्यात तुमची आई दोन वेण्या घालून उभी असेल. इंग्रजी बालगीतातली, बुटात राहणारी ती म्हातारी इथे नुसतीच मराठी झाली नाही, तर तिचा पत्ताही मलबार हिल झाला! बूट छोट्यांसाठीच आहे, मोठ्यांनी बाहेर उभं राहून हाका मारायच्या. तिथून मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते, ती मात्र सगळ्यांसाठी. पण टेकडी चढून यायचं आहे हे विसरू नका. आजी असेल तर टॅक्सी करा किंवा बस पकडा, चर्नी रोडवरून ‘चालत जाऊ की’ असला बाणा नको.

समोरच हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान. इथे आपण हिरवळीवर बसतो तेव्हा आपल्याखाली पाणी असतं. दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या टाकीच्या छतावर ही बाग १८८०-८१च्या सुमारास केली गेली. भाचराला हे सांगितलं की ते लगेच जमिनीला कान लावून बघतं. काही ऐकू येत नाही, पण पाच मिनिटं शांततेत जातात! २०२३ मध्ये ही टाकी नव्याने बांधायचा विषय आला होता, बाग काही वर्षं बंद राहणार आणि झाडं जाणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांच्या समित्या बसल्या आणि पुढे गाडी दुरुस्तीवर आली.

अकरा वर्षांच्या भाच्याला झोपाळा बोअर होतो. त्याच्यासाठी जवळच २०२५ मध्ये खुला झालेला झाडांमधला उंच लाकडी मार्ग आहे. जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा, पण झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवरून चालत शेवटी समुद्र दिसतो. तिकीट पंचवीस रुपये, वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आयत्या वेळी जाऊन परत फिरू नका.

आजीच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होते ती जागा वेगळीच आहे, आणि ती धड बागसुद्धा नाही. शिवाजी पार्कचा कट्टा. मैदान १९२५ सालचं, सुमारे २८ एकरांचं. भोवती ठेंगणी भिंत, तिच्यावर बसता येतं, कुठेही थांबता येतं, सावलीला झाडं आहेत, आणि समोर फुकटचं नाटक चालू असतं. पूर्ण फेरी किलोमीटरभराहून थोडी जास्त. आजी अर्धी फेरी मारते, मग बसते, मग शेजारी बसलेल्या दुसऱ्या आजीशी बोलता बोलता दोघींचं गाव एकच निघतं. तिकडे आत क्रिकेटचे नेट लागलेले असतात (आचरेकर सरांचा शिष्य सचिन इथेच घडला, हे सांगणारा एक काका प्रत्येक नेटमागे उभा असतो). लहानांसाठी खेळणी आहेत. एकच अडचण, मैदानाची लाल माती. वारा सुटला की ती नाकातोंडात जाते, आसपास राहणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. दम्याचा त्रास असणारं कुणी बरोबर असेल तर भर उन्हाळ्यातली दुपार टाळा.

आणि अजिबात धावपळ नको असेल तर फाइव्ह गार्डन्स. माटुंग्याला, दादर पारसी कॉलनीला लागून. पाच छोट्या बागा, भोवती जुनी मोठी झाडं आणि दुमजली-तिमजली शांत इमारती. इथे ‘बघायला’ काही नाही आणि तेच बरं आहे.

ओपन जिमवर पोरं, झोपाळ्यावर काका

आता खेळण्यांकडे येऊ. गेल्या दहा-बारा वर्षांत जवळपास प्रत्येक बागेत रंगीत लोखंडी ‘ओपन जिम’ आली. ती मोठ्यांच्या व्यायामासाठी असते. तिच्यावर प्रत्यक्षात कोण असतं? पोरं! पाय लांब करून चालायच्या त्या यंत्रावर तीन-तीन पोरं लटकून झुलत असतात. आणि झोपाळ्यावर कोण? जेवून शतपावलीला आलेलं जोडपं, किंवा मोबाइलवर रील बघणारे काका. पाटीवर ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’ असं लिहिलेलं असतं, पण काकांना वाचता येत असूनही वाचायचं नसतं.

यात हसण्यासारखं आहे तसं जपण्यासारखंही आहे. ओपन जिमच्या हलत्या सांध्यात लहान बोटं अडकू शकतात, तेव्हा भाचीला तिथून लांब ठेवा. घसरगुंडी पत्र्याची असेल तर आधी आपला उलटा हात लावून बघा. मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही ती तव्यासारखी असते. झोपाळ्याची साखळी ज्या कडीत अडकवलेली असते ती वर बघा, झिजून अर्धी झालेली दिसली तर नकोच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली काय आहे ते बघा. वाळू किंवा मऊ रबरी फरशी असेल तर पडल्यावर खरचटतं, तेवढ्यावर निभावतं. पेव्हर ब्लॉक असतील तर तेच पडणं टाके घालण्यापर्यंत जातं. चिखल नको म्हणून पेव्हर बसवतात, स्वच्छ दिसतात, साफ करायला सोपे. पण झोपाळ्याखाली पेव्हर ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने लहानपणी झोपाळ्यावरून उडी मारलेली नसावी.

वाळूला आपल्याकडच्या घरांत उगाच वाईट मानतात. कपडे खराब होतात, मांजरं घाण करतात, हे खरं आहे. पण एक बादली, एक जुना चमचा आणि वाळूचा हौद दिला की चार वर्षांचं मूल तासभर कुणालाही त्रास देत नाही. हे घसरगुंडीला जमत नाही. तिच्यावर पाच फेऱ्या झाल्या की ‘आता काय करू’ सुरू. तुमच्या जवळच्या बागेत वाळूचा हौद असेल तर तुम्ही नशीबवान. आणि नसेल, तर झाडाखालची माती, काड्या आणि पडलेली फुलं हेही चालतं. चार दिवसांत भाचीला गुलमोहराच्या पाकळ्यांचा कोंबडा खेळायला शिकवा, आपल्याला आजीने शिकवलेला. नसेल शिकवला तर आजी बाकावरच आहे.

तेरा ते बावीस : बागेत काय काम?

आता भाच्याकडे बघा. आज अकराचा आहे, दोन वर्षांत तेरा. तेराव्या वर्षी तो पाटीनुसार झोपाळ्यावरून बाद. ज्येष्ठ नागरिक कट्टा साठीपासून पुढे. मधल्या काळात बागेत त्याच्यासाठी काय आहे? क्रिकेट खेळायला मनाई, सायकल आणायला मनाई, हिरवळीवर चालायला मनाई, मोठ्याने बोलायला नजरेने मनाई. बरीच उद्यानं दुपारी काही तास बंदच असायची. नेमकी तीच वेळ कॉलेज सुटायची. एक पोरगा आणि एक पोरगी बाकावर नुसती बसली, तरी वॉचमनची शिट्टी वाजते. मुंबईत मोठं झालेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मुलींचं तर आणखी वेगळं. सात-आठ वर्षांपर्यंत मैदानात मुलं-मुली सारख्याच संख्येने दिसतात. पुढे मुलींची संख्या घटत जाते आणि चौदा-पंधराच्या पुढे मैदानात धावणारी मुलगी शोधावी लागते. त्या जातात कुठे? क्लासला, घरी, फार तर बागेच्या जॉगिंग ट्रॅकवर. ट्रॅकवर चालत राहायची परवानगी असते, कारण त्याला ‘काम’ म्हणतात. नुसतं बसायचं असेल तर कारण द्यावं लागतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे २०११चं पुस्तक मुंबईतल्या बायकांच्या याच अनुभवावर आहे. बाईला घराबाहेर असायला काहीतरी हेतू दाखवावा लागतो. अनेकींनी ते वाचलं असेल. नसेल तर लायब्ररीत शोधा.

आणि इथेच कडेवरच्या भाचीची गंमत आहे. एकटी मुलगी बाकावर बसली की लोक बघतात. तीच मुलगी भाचीला मांडीवर घेऊन बसली की शेजारच्या आजी विचारतात, “किती वर्षांची गं?” आणि बिस्किटाचा पुडा पुढे करतात. मुलगाही तसाच. चार मित्रांबरोबर कट्ट्यावर बसला तर टवाळखोर, भाच्याला झोका देत उभा असला तर गुणी मामा. माणूस तोच, बाग तीच, बाकही तोच! फक्त सोबत मूल आल्याने आपण ‘फॅमिली’ होतो आणि आत असण्याचा हक्क मिळतो. मला हे बघून हसूही येतं आणि रागही. बागेत बसायला भाडोत्री भाची का लागावी?

याला अपवाद आहेत. शिवाजी पार्कलाच श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तेही १९२५चं. संध्याकाळी तिथे मल्लखांबाचा सराव चालतो आणि दोरीच्या मल्लखांबावर सोळा-सतरा वर्षांच्या मुली ज्या सहजपणे लोंबकळून आसनं करतात, ते बघून तुमचा भाचा मोबाइल मागायचं विसरेल. या संस्थेचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलींना मैदानावर राहायला कुणीतरी जागा, वेळ आणि शिकवणारं माणूस दिलं की त्या राहतात, इतकी ही साधी गोष्ट आहे. तुमच्या वॉर्डात बागेचं नूतनीकरण निघालं, आणि ते दर चार-पाच वर्षांनी निघतंच, तर नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन सांगायला काय हरकत आहे की आणखी एक कारंजं नको, एक बास्केटबॉलची रिंग लावा, बॅडमिंटनचं नेट लावा, मुलींसाठी ठरावीक वेळ ठेवा? कारंजं उद्घाटनानंतर किती दिवस चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

गादीएवढी जागा

हे सगळं इतकं ताणून का सांगतेय? कारण मुळात जागाच फार थोडी आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा येत नाही. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचना माणशी १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. सिंगल बेडची गादी सहा बाय तीन फूट, म्हणजे १.६७ चौरस मीटर. तुमच्या वाट्याची बाग तुमच्या गादीपेक्षा लहान आहे! त्यातही तुमच्या वाट्याची असेलच असं नाही, कारण शिवाजी पार्क आणि ओव्हलसारखी मोठी मैदानं सगळ्यांच्या दारात नाहीत. जिथे चाळी आणि झोपडपट्ट्या दाट, तिथे रस्त्याचाच खेळ होतो.

पण जागा तयारही करता येते. धारावी डेपोसमोर, सायन-बांद्रा लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकर. या जागी आधी शहराचा कचरा टाकला जायचा. त्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. आज आत शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा आवाज हळूहळू मागे पडतो, फुलपाखरं दिसतात, मिठी नदीकडच्या अंगाला खारफुटी दिसते. झोपाळे-घसरगुंडीची अपेक्षा ठेवून जाऊ नका, ही जंगलासारखी जागा आहे. पण कचऱ्याच्या ढिगावर आपण उभे आहोत हे भाच्याला सांगितलं की त्याची स्वारी खूश. मध्यंतरी धारावी पुनर्विकासात हे उद्यान जाणार का, यावर वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ते प्रकल्पाबाहेर असल्याचं तिथे सांगण्यात आलं. बांद्र्याच्या कार्टर रोडजवळचं जॉगर्स पार्क १९९०चं, तेही आधीच्या टाकाऊ जागेवरच उभं राहिलं.

बोरिवलीकडच्यांना मी काय सांगणार, तुमच्याकडे नॅशनल पार्क आहे, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं! ‘वनराणी’ या छोट्या गाडीचा मार्ग २०२१च्या तौक्ते वादळात खराब झाला आणि गाडी काही वर्षं थांबली, तेव्हा जायच्या आधी ती सुरू आहे का ते विचारून घ्या, नाहीतर भाचीची समजूत काढता काढता संध्याकाळ जाईल. नवी मुंबईत नेरूळला वंडर्स पार्क आहे, जगातली सात आश्चर्यं छोटी करून ठेवलेली. ताजमहालासमोर फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायची हौस आजीलाही असते. ठाण्यात तलावपाळी. तिथे बाग कमी आणि खाणं जास्त, पण संध्याकाळ मजेत जाते.

आणि नाव नसलेल्या बागा विसरू नका. तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर, दोन सोसायट्यांच्या मधे, एक झोपाळा आणि दीड घसरगुंडी असलेला तो तुकडा. जिच्या गेटचा कोपरा गंजला आहे, जिच्यात संध्याकाळी सहा ते आठ पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या बागेत आपण वर्षातून दोनदा जातो, इथे भाचरं रोज जाऊ शकतात. तिथला तुटलेला झोपाळा महिनोन् महिने तसाच असेल तर फोटो काढा आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे तक्रार टाका. एकट्याने नको, झोपाळ्याच्या रांगेत भेटलेल्या चार आयांच्या आणि दोन आजोबांच्या सह्या घेऊन. आजोबांना अर्ज लिहायची भारी हौस असते, मसुदा त्यांनाच करू द्या.

निघायच्या आधी थोडं सामान. पाण्याच्या दोन बाटल्या (एक प्यायला, एक हात-पाय धुवायला), भाचीचा कपड्यांचा एक जोड, आजीसाठी बसायला जुनी चादर आणि टोपी. खाऊ घरचाच. बागेत खायला बंदी असेल तर भेळ बाहेर पडल्यावर खायची, आधी नाही, कारण भेळ खाऊन झोपाळ्यावर बसलं की पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सुट्टे पैसे ठेवा. घरी परतायच्या दहा मिनिटं आधी सांगा, “आता शेवटचे पाच झोके.” मोजणी भाचीला करू द्या. ती चारनंतर पुन्हा तीन म्हणते, तिकडे लक्ष देऊ नका.

राणीची बाग बुधवारी बंद असते, नॅशनल पार्क सोमवारी.